बाल्कनीत लाकूड कोरीवकाम: टेबल, पटाशा, लाकूड यांची सुरुवात कुठून?

वेलबुट्टी_ठाणे
बंद बाल्कनी आहे, ८ × ४ फूट, तिसरा मजला. पहिलं काम ठरलंय: देव्हाऱ्याच्या कमानीवरची कमळ आणि वेलीची पट्टी, लांबी १८ इंच, रुंदी ५ इंच, उठाव जास्तीत जास्त ३ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). हाताशी अर्ध्या इंची सरळ पटाशी, करवत आणि ४ इंची दोन सी-क्लॅम्प आहेत. ऑनलाइन बारा पटाशांचा संच स्वस्तात दिसतोय, तो घ्यावा का? टेबल किती उंच हवं? खालच्या घरात ठोकाठोक जायला नको. लाकूड कोणतं आणावं?

रंधा_आणि_करवत
ताई, पटाशांच्या आधी टेबल आणि पकड यांचं बघा. काम हललं की पटाशी घसरते, मग हात कापतो नाहीतर पाकळी उडते.

उंची: उभं राहून कोपर काटकोनात वाकवा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा आणि त्यातून २ इंच कमी करा. बहुतेकांचं ३६ ते ४० इंचांत येतं. स्वयंपाकाचा ओटा ३२–३४ इंचांचा असतो. त्या उंचीवर कोरायला घेतलं तर तासाभरात पाठ धरते.

वरची फळी ३ फूट × १८ इंच. १९ मिमी प्लायचे दोन थर फेव्हिकॉल आणि स्क्रूने जोडा. पाय ३ × ३ इंचांचे, खाली आडव्या पट्ट्या आणि त्यावर फळी. त्या फळीवर वाळूच्या दोन पिशव्या ठेवा, प्रत्येकी २० किलोच्या. टेबल भिंतीला ठोकू नका. भिंतीतून आवाज जास्त लांब जातो. प्रत्येक पायाखाली १०–१२ मिमी जाड रबराचा तुकडा. ३ सूत उठावाचं बरंचसं काम हाताच्या दाबाने होतं; ठोकणी लागेल ती जमीन, म्हणजे नक्षीभोवतीचा सपाट भाग, उतरवताना. ४००–५०० ग्रॅमची नायलॉनची घ्या, लाकडीपेक्षा तिचा आवाज दबका असतो.

पट्टी कशी पकडायची: तिच्यावर क्लॅम्प लावला तर तो नेमका वेलीच्या वळणावर आडवा येतो. म्हणून १२ मिमी प्लायचा २४ × ८ इंचांचा तुकडा घ्या. पट्टीच्या मागे आणि प्लायवर फेव्हिकॉलचा पातळ हात द्या, मध्ये वर्तमानपत्राचा एकच कागद घाला आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. क्लॅम्प प्लायच्या मोकळ्या कडांवर लावायचे. काम झालं की रुंद पटाशी, उतार (धारेजवळची तिरकी बाजू) प्लायकडे करून, पट्टीच्या टोकाकडून सांध्यात हलके ठोका. कागद मधोमध फाटतो आणि पट्टी सुटते. उरलेला कागद ओल्या फडक्याने भिजवून खरवडा. साधाच पांढरा फेव्हिकॉल वापरा. वॉटरप्रूफ जातीचा घेतलात तर कागद भिजवूनही निघणार नाही.

गोल_पटाशी
संच घेऊ नका. त्यात निम्म्या पटाशा एकाच कामाच्या असतात आणि पोलाद बहुधा मऊ असतं. दुकानात कानस घेऊन जा, विचारून धारेजवळच्या कडेला हलकी घासा. कानस घसरली तर पोलाद कडक आहे. सहज रुतली तर ती पटाशी धार धरणार नाही.

गोल पटाशीवरचा आकडा वळण सांगतो: ३ म्हणजे जवळजवळ सपाट, ९ म्हणजे अर्धगोल. तुमच्या पट्टीला चार पुरतात (मिमी म्हणजे धारेची रुंदी): नंबर ३ – १२ मिमी, नंबर ५ – ८ मिमी, नंबर ७ – ६ मिमी आणि ६० अंशांची व्ही आकाराची पटाशी – ६ मिमी. सरळ पटाशी आहेच.

नवी पटाशी धार लावूनच वापरायची. १००० आणि ३००० चा पाणदगड (आकडा मोठा तितका दगड बारीक), शिवाय फळीवर चिकटवलेलं चामडं आणि त्यावर हिरवा पॉलिशचा साबण. उताराचा कोन २२ अंशांच्या आसपास: पातं ३ मिमी जाड असेल तर उतार ८ मिमी लांब दिसायला हवा. गोल पटाशी दगडावर पुढेमागे नेताना मनगट एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवत राहा. मधेच थांबलात तर तिथे धार खोल जाते. आतली खरखर १००० चा पॉलिशपेपर गोल काठीला गुंडाळून काढा.

धार बघायची ती लाकडात आडवा छेद घेऊन. छेद चकाकला पाहिजे. तंतू चुरडले तर धार बोथट आहे, पांढरी बारीक रेघ उमटली तर धारेला खाच आहे. ग्राइंडरवर टोक निळं पडलं तर तेवढ्या भागाचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं. तो भाग घासून काढल्याशिवाय इलाज नाही. म्हणून दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा.

वेलबुट्टी_ठाणे
टेबल आणि पटाशांचं कळलं, आभार! वखारीत साग आणि आंबा आहे, शिवण मागवावी लागेल. थांबावं का? आणि पाकळ्यांची टोकं तुटू नयेत म्हणून काय करायचं?

पाकळी_आणि_देठ
शिवणीसाठी थांबा. ती फिकट, एकसारखी असते, वाळल्यावर फारशी वाकत नाही आणि पटाशीखाली स्वच्छ कापते. साग टिकाऊ खरा, पण त्यात सिलिका असते, धार लवकर जाते, आणि बारीक देठ आडव्या तंतूंवर आला की तुकडा उडतो. आंब्याचे तंतू उलटसुलट असतात, कीडही लवकर लागते. पांगारा सावंतवाडीच्या खेळण्यांना शोभतो कारण त्यावर रंग चढतो. तुमच्या बारीक कडा त्यात केसाळ होतील.

फळी १ इंच जाड, बिनगाठीची, तंतू लांबीच्या दिशेने सरळ. आणल्यावर दोन्ही टोकांना मेण लावा, काड्यांवर उघडी ठेवा आणि चार-चार दिवसांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. सलग तीनदा तेच वजन आलं की कोरायला घ्या. पावसाळ्यात घाई केली तर दिवाळीनंतर वेलीवर चीर पडते.

टोकं तुटतात ती बहुतेकदा क्रम चुकल्याने. रेषेवर उभी पटाशी ठोकली की ती पाचरीचं काम करते आणि पाकळी बाहेर ढकलली जाते. आधी व्हीने रेषेच्या १ मिमी बाहेरून चर पाडा. मग नंबर ७ ने तंतूंना आडवं जात जमीन उतरवा, एका वेळी अर्धा सूत, आणि नंबर ३ ने सपाट करा. बाहेरचं लाकूड गेल्यावरच रेषेवर उभा काप घ्या, तोही हाताने दाबून. पाकळ्यांखालची पोकळी सगळ्यात शेवटी. पानाच्या एका बाजूला ढलपी सुबक सुटते आणि दुसऱ्या बाजूला लाकूड फाटतं, कारण तिथे तंतूंची दिशा उलटी पडते. तिथे पटाशी उलट बाजूने आणा. दोन्ही हात कायम धारेच्या मागे.

शेवटी जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात. तेलाचं फडकं चुरगळून बाल्कनीत टाकू नका, ते आपोआप तापून पेटू शकतं. दोरीवर पसरून कडक वाळवा, मगच कचऱ्यात.

रंधा_आणि_करवत
एक राहिलं, दिवा. डोक्यावरच्या ट्यूबलाइटमध्ये उठाव सपाट दिसतो आणि जमीन खालीवर होते. वाकवता येणारा टेबललॅम्प डाव्या बाजूला, फळीपासून ८–१० इंच उंचीवर, तिरपा लावा. तुम्ही डावखुऱ्या असाल तर उजवीकडे. जमिनीतला खड्डा सावलीने लगेच दिसतो.