हौशी खेळाडूला पंधरा हजारांची रॅकेट कशासाठी?

विश्रामबागकर
सांगली-मिरजेत बॅडमिंटनचे हॉल वाढले, सकाळी सहाची बॅच मिळणं अवघड झालं, चाळिशी ओलांडलेले लोक नियमित खेळायला लागले. याचा मला मनापासून आनंद आहे. पण एक गोष्ट खटकते. नवीन माणूस येतो, अजून त्याचा टॉस, म्हणजे उंच उडवलेला फटका, मागच्या रेषेपर्यंत पोचत नसतो, आणि महिना-दीड महिन्यात त्याच्या किटबॅगेत ॲस्ट्रॉक्स १०० झेडझेड दिसते. गटिंग, म्हणजे तारा ओढून बसवणं, २८ पाउंडांच्या ताणाने.

ही डेन्मार्कचा ऑलिंपिक विजेता व्हिक्टर ॲक्सेलसेन वापरायचा ती रॅकेट. डोक्याकडे जड आणि शाफ्ट, म्हणजे मधला दांडा, अतिशय कडक. कडक शाफ्ट वाकवायला हाताला वेग लागतो. वेगात फिरवली तर शाफ्ट किंचित वाकते, फटका बसताना सरळ होते आणि शटलला जादा जोर मिळतो. तेवढा वेग नसेल तर शाफ्ट वाकतच नाही, जोर मिळत नाही आणि हादरा तेवढा कोपराला बसतो. मग माणूस आणखी ताकद लावतो, मूठ आणखी आवळतो, आणि पावसाळ्यापर्यंत कोपराला पट्टा लागतो. आमच्या बॅचमध्ये असे पट्टे बांधून खेळणारे आहेत.

माझं म्हणणं एवढंच. हौशी खेळाडूने आधी चांगले शूज घ्यावेत, मग दोन-तीन महिने कोच लावावा, गटिंग आपल्या हाताला झेपेल असं करून घ्यावं. रॅकेट शेवटी. पूर्ण ग्रॅफाइटची, मध्यम लवचीक शाफ्टची, ४यू, म्हणजे ८० ते ८५ ग्रॅम वजनाची रॅकेट तीन-चार हजारांत येते आणि ती बरीच वर्षं पुरते. ज्यांना पटत नाही त्यांनी कारण देऊन सांगावं.

मिरजेचा स्मॅशर
काका, मला पटत नाही. कारणं देतो.

एक तर तुम्ही एकाच रॅकेटवरून सगळ्या महाग रॅकेटना नावं ठेवताय. महाग म्हणजे कडक आणि जड, असं काही नसतं. त्याच किमतीत मऊ शाफ्टच्या, हलक्या डोक्याच्या रॅकेटही मिळतात. चूक निवडीची असेल तर किमतीला दोष का?

दुसरं, स्वस्तातल्या रॅकेटचं नुकसान कुणी मोजत नाही. पाच-सहाशेची, स्टीलच्या दांड्याची, जिथे फ्रेम आणि दांडा वेगळे जोडलेले असतात ती रॅकेट घ्या आणि बाजूला बसलेला फटका मारून बघा. फ्रेम हातात पिळवटते. शटल कुठं जाणार हे आपल्यालाच कळत नाही. अशा रॅकेटवर चार वर्षं खेळून जी सवय लागते ती कोचलाही मोडता येत नाही.

आणि तिसरं, माणूस दिवसभर दुकानात नाहीतर कचेरीत राबतो. सकाळचा एक तास त्याचा स्वतःचा. त्या तासासाठी त्याला आवडती वस्तू हातात हवी असेल तर त्यात गैर काय? आवडती रॅकेट असली की माणूस थंडीतही पहाटे उठून येतो. खेळ सुधारायला आधी खेळायला यावं लागतं.

विश्रामबागकर
पाचशेची घ्या असं मी कुठंच लिहिलेलं नाही. मधली घ्या म्हणतोय. आणि निवडीचं म्हणाल तर आपल्याकडे निवड होते कुठे? यूट्यूबवर फायनल बघायची आणि विजेत्याच्या हातात जी होती ती मागवायची, यालाच निवड म्हणतात. हातात धरून, दोन गेम खेळून कितीजण घेतात?

गटिंगवाला
मी सांगलीत बरीच वर्षं गटिंग करतोय म्हणून लिहितो. रॅकेटपेक्षा गटिंगवर जास्त बोला, खेळात फरक तिथं पडतो.

गिऱ्हाईक रॅकेट घेऊन आलं की मी आधी तार कुठं तुटलीय ते बघतो. मधोमध झिजून तुटली असेल तर माणूस नीट खेळतोय, तारेचं आयुष्य संपलं एवढंच. वरच्या कडेला, फ्रेमच्या अगदी जवळ तुटली असेल तर फटका मधे बसत नाहीये. असा माणूस हमखास म्हणतो, "या वेळी २६ कर." मी त्याला २३ सुचवतो. कारण पाउंड वाढवले की तारांचा जो पट्टा चांगला उडवतो तो लहान होतो. ज्याचा फटका आधीच कडेला बसतोय त्याला लहान पट्टा देऊन काय साधणार? वर फ्रेम तडकायची भीती वेगळीच. रॅकेटवर किती पाउंडपर्यंत ओढायचं ते छापलेलं असतं, ते कुणी वाचत नाही.

तारेचंही तसंच. बीजी-६५ ही ०.७० मिलिमीटरची, दणकट, बरीच टिकते. ०.६५ ची बारीक तार आवाज छान करते, शटल फाडकन उडवते, पण कडेला दोन फटके बसले की गेली. शिकणाऱ्याने जाड तार घ्यावी.

आणि तार सैल होते ती खेळल्यावरच होते असं नाही. नुसती खुंटीला टांगली तरी हळूहळू उतरते. एप्रिलमध्ये गाडीच्या डिकीत ठेवली तर विचारूच नका. एक तार तुटली की लगेच बाकीच्या मधोमध कापून टाका. एका बाजूचा ताण गेला आणि दुसऱ्या बाजूचा तसाच राहिला की फ्रेम वाकडी होते. हे न केल्यामुळे चांगल्या चांगल्या रॅकेट गेलेल्या मी बघितल्यात.

मिरजेचा स्मॅशर
दादा, माहिती चांगली दिलीत, पण "पाउंड कमी करा" हा सल्ला सरसकट देऊ नका. मी शाळा-कॉलेजात जिल्हा पातळीवर खेळलोय. माझा फटका मधे बसतो. २३ वर शटल तारांवर जास्त वेळ रेंगाळल्यासारखं वाटतं, नेटजवळचा ड्रिबल, म्हणजे हलकेच टाकलेला फटका, उंच उठतो आणि समोरचा मारतो. २७ वर तोच ड्रिबल नेटच्या टेपला घासून खाली बसतो. हौशी म्हणजे नवशिका नव्हे. आमच्यासारखे शेकडो लोक आहेत जे तरुणपणी चांगलं खेळले, मग संसारात पडले आणि आता परत आलेत.

गटिंगवाला
तुम्हाला २७ करून देईन की! तुमची तार मधे तुटते ना? मग झालं. मी बोलतोय ते कडेला तोडणाऱ्यांबद्दल, आणि माझ्याकडे येणाऱ्यांत तेच जास्त असतात. फक्त एक विचारतो. कॉलेजातला खांदा आणि आताचा खांदा एकच आहे का, हे अधूनमधून तपासून बघा. २७ वर मागच्या कोपऱ्यातून समोरच्या मागच्या रेषेपर्यंत टॉस न ओढाताण करता जातो का? जात असेल तर खुशाल ठेवा.

डावखुरी
सगळे हाताबद्दल बोलताय. पायांकडे कुणाचं लक्ष आहे?

आमच्या हॉलमध्ये निम्मे लोक पळायचे शूज घालून खेळतात. पळायच्या शूजची टाच उंच आणि मऊ असते, कारण ते सरळ पुढे जाण्यासाठी केलेले असतात. बॅडमिंटनमध्ये आपण आडवे सरकतो, तिरके झेपावतो. उंच मऊ टाचेवर आडवं वजन पडलं की घोटा वळलाच म्हणून समजा. बॅडमिंटनच्या शूजचा तळ सपाट, गम रबरचा, पकडणारा असतो आणि पाय जमिनीला जवळ राहतो. त्यामुळे विश्रामबागकरकाकांचा क्रम मला मान्य आहे, शूज पहिले.

पण पुढचं मान्य नाही. माझी रॅकेट महाग आहे आणि मला ती लागते. माझा खांदा दुखावलेला आहे. मला ५यू, म्हणजे ८० ग्रॅमच्या आतली रॅकेट हवी होती, जी हलकी असूनही फटक्याच्या वेळी डगमगणार नाही आणि २४ पाउंड सहज झेलेल. तीन-चार हजारांत मी जेवढ्या हलक्या रॅकेट हातात घेऊन बघितल्या त्या स्मॅश परतवताना मागे ढकलल्या जात होत्या. चांगल्या ग्राफाइटचे पैसे असतात. "हौशी आहात, मधली घ्या" हे ऐकून मी मधली घेतली असती तर आज खेळत नसते.

आणि मूठ. दुकानात मिळणारी मूठ आधीच जाड, त्यावर लोक एकावर एक ग्रिप चढवतात. बॅकहँडला बोटांत रॅकेट फिरवावी लागते, अंगठा मागच्या चपट्या बाजूवर टेकवावा लागतो. मूठ जाड झाली की त्या कडा बुजतात, बोटं फिरत नाहीत, मग सगळं मनगटाने ओढायचं. मी मूळची ग्रिप काढून टाकते आणि लाकडावरच पातळ ग्रिप गुंडाळते. शे-दीडशे रुपयांत होणारा बदल आहे, विशेषतः बायकांनी आणि लहान हातांच्या मुलांनी करून बघावा.

विश्रामबागकर
ताई, तुमच्या खांद्याचं कारण पटलं. तुम्ही गरज ओळखून घेतलीत. माझं भांडण गरज न ओळखता घेणाऱ्यांशी आहे.

निवृत्त मास्तर
ही चर्चा सांगलीत चाललीय म्हणून एक आठवण करून देतो. नंदू नाटेकर १९३३ साली याच सांगलीत जन्मले. १९५६ मध्ये त्यांनी क्वालालंपूरची सेलांगोर स्पर्धा जिंकली. परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला त्याच वर्षी त्यांना तो मिळाला. तेव्हा रॅकेट लाकडी फ्रेमच्या असत, दमट हवेत फ्रेम वाकू नये म्हणून त्या स्क्रूच्या चौकटीत आवळून ठेवाव्या लागत. वजन आजच्यापेक्षा कितीतरी जास्त. तरी नाटेकरांच्या मनगटाची नजाकत लोक अजून सांगतात. तंत्र असेल तर रॅकेट दुय्यम, हे सांगलीच्याच माणसाने सिद्ध केलंय. नव्या मुलांना हे कुणीतरी सांगायला हवं.

मिरजेचा स्मॅशर
मास्तर, नाटेकरांबद्दल आदर आहेच. पण या वादात हा दाखला लागू पडत नाही. समोरचाही लाकडी रॅकेटनेच खेळत होता. दोघांची हत्यारं सारखी असली की तंत्र जिंकणारच. आज समोरचा ग्राफाइट घेऊन उभा आहे. २०२३ मध्ये सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशचा वेग चाचणीत ताशी ५६५ किलोमीटर मोजला गेला. लाकडी रॅकेटच्या काळात असा खेळच नव्हता. साधनं बदलली म्हणून खेळ बदलला, मग खेळाडूने साधनांचा विचार करायचा नाही का?

निवृत्त मास्तर
विचार जरूर करावा. फक्त आमच्या कोर्टावर बॅकहँड क्लिअर, म्हणजे उलट्या हाताने मागच्या रेषेपर्यंतचा फटका, नीट मारणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी आहेत आणि भारी रॅकेट मात्र प्रत्येकाकडे आहे, एवढंच मला दिसतं.

कुपवाडकर
खरा खर्च आणि खरा फरक शटलचा आहे, आणि त्याचा उल्लेखही नाही. पंधरा हजारांची रॅकेट घेऊन लोक स्कर्ट, म्हणजे घेर, फाटलेल्या नायलॉनच्या शटलने खेळतात. पिसाचं शटल जोरात निघतं, हवेत एकदम मंदावतं आणि सरळ खाली पडतं. नायलॉन पुढे पुढे जात राहतं. वर्षभर नायलॉनवर खेळलेला माणूस स्पर्धेत पिसाच्या शटलखाली उभा राहिला की त्याचं टायमिंग चुकतं.

त्यात आपली हवा. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, आणि उन्हाळ्यात पत्र्याचा हॉल भट्टीसारखा तापतो. गरम हवा विरळ, त्यात शटल लांब उडतं. मग लोक म्हणतात रॅकेट बदलल्यावर टॉस बाहेर जायला लागला! रॅकेटचा संबंध नसतो. नायलॉन घ्यायचंच तर उन्हाळ्यात हिरव्या पट्टीचं, म्हणजे संथ वेगाचं घ्या. निळी पट्टी मध्यम, लाल वेगवान, ती थंड प्रदेशासाठी. पिसाच्या डबीवर ७६, ७७ असे आकडे असतात. आकडा लहान तितकं शटल संथ.

तपासायची रीत नियमातच दिलेली आहे. मागच्या रेषेवर उभं राहून, बाजूच्या रेषेला समांतर, खालून वर पूर्ण ताकदीने शटल मारायचं. समोरच्या मागच्या रेषेच्या आत ५३० ते ९९० मिलिमीटरमध्ये पडलं तर वेग बरोबर. ग्रुपने डझनभर डब्या घ्यायच्या आधी एक फोडून हे करून बघावं. आणि पिसाची शटल खेळायच्या आदल्या रात्री डबीची दोन्ही झाकणं काढून वाफेवर काही सेकंद धरा. पिसं कोरडी राहिली की पहिल्याच स्मॅशला तुटतात. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत याचा फरक लगेच दिसतो.

मिरजेचा स्मॅशर
शटलचं शंभर टक्के मान्य. पण पिसाची शटल रोज परवडणारे किती? चौघांत एका सकाळी तीन-चार जातात. वर्षाचा हिशेब केला तर माझी रॅकेट त्यापुढे स्वस्त पडते. मग तुम्ही मला रॅकेटवरून का बोलता?

विश्रामबागकर
कारण शटलवर घातलेला पैसा सगळ्या कोर्टाचा खेळ सुधारतो.

माधवनगरची आई
सगळं वाचलं. माझी मुलगी आठवीत आहे, सहा महिने झाले खेळतेय. कोच म्हणतात आता चांगली रॅकेट घ्या. नेमकं काय घेऊ?

मिरजेचा स्मॅशर
ताई, ती मन लावून खेळत असेल तर आत्ताच चांगली घ्या. मऊ शाफ्टची, पण नामांकित कंपनीची वरच्या दर्जाची. अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, बनावट माल खूप आहे. वाढत्या वयात लागलेली सवय कायम राहते.

निवृत्त मास्तर
घाई नको. तिची उंची अजून वाढणार, ताकद बदलणार. दोन वर्षांनी तिला वेगळीच रॅकेट लागेल. आत्ता मधली घ्या, उरलेल्या पैशांत शूज आणि पिसाची शटल.

गटिंगवाला
रॅकेट कुठलीही घ्या, ४यू किंवा ५यू, मूठ जी५, म्हणजे बारीक, शाफ्ट लवचीक. कंपनीतून आलेली तार बहुतेक वेळा सैल असते, ती काढून टाका. बीजी-६५, २१ पाउंड. तीन महिन्यांनी तार तुटो न तुटो, रॅकेट आणि मुलगी दोघांना घेऊन या. तार कुठं झिजलीय ते बघून पुढचे पाउंड ठरवू.