अफ्रिकान्स माध्यमाच्या सरकारी माध्यमिक शाळा: परंपरा स्वतःची की उसनी?

पाटीपेन्सिल:
नमस्कार. दक्षिण आफ्रिकेच्या भाषिक इतिहासाविषयी गेले काही महिने वाचतो आहे. केपमध्ये डच भाषेतून घडलेल्या अफ्रिकान्सला एके काळी ‘स्वयंपाकघरातली बोली’ म्हणून हिणवले जाई. तीच भाषा पुढे नामांकित सरकारी माध्यमिक शाळांचे माध्यम झाली. मात्र या शाळांचे वर्णन वाचले की ब्लेझर, वसतिगृह, शालेय गीत, रग्बी आणि माजी विद्यार्थ्यांची संघटना हेच समोर येते. हा सगळा साचा इंग्रजी शाळांचा वाटतो. मग या शाळांचे स्वतःचे असे काय आहे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

केपची वाट:
साचा इंग्रजी आहे हे आपले निरीक्षण बरोबर आहे, पण तो कोणत्या परिस्थितीत स्वीकारला गेला हे पाहिल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही. केपमधल्या पार्ल गावातले ‘पार्ल जिम्नॅशियम’ हे विद्यालय 1858 मध्ये सुरू झाले तेव्हा ते अफ्रिकान्सचे नव्हतेच. त्याचे संस्थापक धर्मगुरू व्हान डेर लिंगेन हे डच भाषेचे कट्टर कैवारी होते. त्याच शाळेत अभिजात भाषा शिकवणारे, हॉलंडहून आलेले आर्नोल्डस पान्नेविस यांच्या ध्यानात आले, की आसपासची सामान्य माणसे जे बोलतात ते अशुद्ध डच नसून एक वेगळी भाषा आहे, आणि बायबल याच भाषेत यायला हवे. त्यांच्या आग्रहाला पुढे संघटित रूप आले आणि 14 ऑगस्ट 1875 रोजी पार्लमध्येच अफ्रिकान्सच्या पुरस्कर्त्यांची पहिली संस्था स्थापन झाली. संपूर्ण बायबल अफ्रिकान्समध्ये यायला मात्र 1933 साल उजाडले.

1902 मध्ये ब्रिटिश आणि डच वंशाचे बोअर यांच्यातले बोअर युद्ध संपल्यावर ब्रिटिश प्रशासक मिल्नर यांनी ट्रान्सवाल आणि ऑरेंज नदीच्या वसाहतीत शिक्षणाचे माध्यम इंग्रजी केले. तेव्हा अनेक पालकांनी मुलांना सरकारी शाळांतून काढून वर्गणीवर चालणाऱ्या स्वतःच्या शाळांत घातले. 1914 मध्ये लेखक व राजकारणी लांगेनहोव्हेन यांच्या पुढाकाराने केप प्रांतात खालच्या इयत्तांसाठी अफ्रिकान्स माध्यमाची वाट मोकळी झाली, 1925 मध्ये ती अधिकृत भाषा ठरली, आणि या दोहोंच्या मधल्या काळात, 1920 मध्ये, प्रिटोरियात पुढे मुलांची अफ्रिकान्स शाळा म्हणून नावाजलेली संस्था उभी राहिली. केपमधल्याच स्टेलनबॉश गावातल्या जुन्या शाळेचे बोधवाक्य लॅटिन आहे. प्रिटोरियाच्या शाळेने मात्र ‘प्रकाश होवो’ हे बोधवाक्य अफ्रिकान्समध्येच घेतले. मला हा फरक फार बोलका वाटतो.

वसतिगृहाची खिडकी:
नोकरीनिमित्त तीन वर्षे पार्लजवळ राहिलो, त्यामुळे परंपरांविषयी थोडे लिहू शकतो. तिथे वर्षातला मोठा दिवस म्हणजे ऑगस्टमधील दोन शेजारी शाळांचा रग्बी सामना: एका बाजूला जिम्नॅशियम, दुसऱ्या बाजूला 1868 ची मुलांची शाळा. सामना पाहायला गेलो तेव्हा गणवेशातली मुले स्टँडमध्ये रांगा धरून बसली होती आणि पुढे उभ्या असलेल्या मुलाच्या हाताच्या इशाऱ्यावर शेकडो गळे एकदम थांबत आणि एकदम सुरू होत. माझ्या शेजारचे सत्तरीचे गृहस्थ शालेय गीत सुरू होताच टोपी काढून उभे राहिले आणि शेवटच्या ओळीपर्यंत शब्द न चुकता गात राहिले.

मध्यंतरात त्यांनीच मला 1868 च्या शाळेच्या नावाची गंमत समजावली. अधिकृत नावात मुलासाठी ‘योंगेन’ हा डच शब्द आहे, कारण ते अफ्रिकान्सला मान मिळण्याआधीचे; प्रिटोरियाच्या शाळेच्या नावात मात्र ‘सिअन’ हा अफ्रिकान्स शब्द आला. आणि पार्लची मुले शाळेला प्रेमाने म्हणतात ‘बॉइसहाय’, म्हणजे इंग्रजी ‘बॉइज हाय’ अफ्रिकान्स कानाने ऐकून अफ्रिकान्स वळणाने लिहिलेले! इंग्रजी साचा उचलून तो आपल्या उच्चारात मुरवणे, हेच या शाळांचे स्वतःचे आहे असे मला वाटते.

रग्बीचेही तेच. 1906 मध्ये ब्रिटनच्या दौऱ्यावर गेलेल्या पहिल्या ‘स्प्रिंगबॉक’ म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय रग्बी संघाचे कर्णधार पॉल रूस पुढे 1910 ते 1940 स्टेलनबॉशच्या शाळेचे मुख्याध्यापक होते, आणि आज ती शाळा त्यांच्याच नावाने ओळखली जाते. नवागतांना छळण्याची जुनी पद्धत मात्र 2002 च्या नियमांनी बंद केली, आणि ते योग्यच झाले.

ग्रंथालयाचा जिना:
वरील दोन्ही उत्तरे चांगली आहेत, परंतु त्यांत एक मोठी बाजू सुटली आहे. अफ्रिकान्समधून शिकवण्याचा मान सर्वप्रथम गोऱ्यांच्या शाळांकडे जात नाही; केपटाऊनच्या मदरशांत ती एकोणिसाव्या शतकातच अरबी लिपीत लिहिली आणि शिकवली जात होती. आजही अफ्रिकान्स मातृभाषा असलेल्यांत निम्म्याहून अधिक लोक गोरे नाहीत. तसेच, ज्या गोऱ्या अफ्रिकान्स भाषकांच्या पूर्वजांनी इंग्रजी माध्यम लादले गेल्याचे दुःख भोगले, त्यांच्याच सरकारने 1974 मध्ये कृष्णवर्णीयांच्या शाळांवर निम्म्या विषयांसाठी अफ्रिकान्स लादली, आणि 16 जून 1976 रोजी जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत रस्त्यावर उतरलेल्या विद्यार्थ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या.

त्यामुळे 1996 च्या शाळा कायद्याने भाषाधोरण ठरवण्याचा अधिकार पालकांचे बहुमत असलेल्या नियामक मंडळाला दिला, तरी वाद मिटला नाही. अर्मेलो येथील अफ्रिकान्स शाळेत इंग्रजी माध्यम मागणाऱ्या आठवीच्या 113 मुलांचा प्रश्न थेट संविधान न्यायालयात गेला. 2009 च्या निकालात न्यायमूर्ती मोसेनेके यांनी शिक्षण विभागाने मंडळाला बाजूला सारून हंगामी समिती नेमणे बेकायदा ठरवले. मात्र भाषाधोरणाचा परिसरातील गरज लक्षात घेऊन फेरविचार करा, असेही मंडळाला बजावले. 2024 च्या दुरुस्ती कायद्यानंतर हे धोरण प्रांताच्या शिक्षण विभागप्रमुखाकडे मंजुरीसाठी पाठवावे लागते.

पाटीपेन्सिल:
तिघांचेही मनःपूर्वक आभार. मदरशांतील अरबी लिपीची माहिती मला पूर्णतः नवीन होती. आता अर्मेलोचा निकाल मुळातून वाचायला घेतो.