बाबांना ऐकवायला जुनी रेडिओ मालिका हवी आहे, पण मधले भाग न गळालेली

मंडळी, मदत हवी आहे.

बाबा ७२ वर्षांचे. दोन वर्षांपासून नजर गेल्यामुळे वाचन बंद. इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेला माणूस. वेताळ, मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन अजून तोंडपाठ. म्हणून त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या जुन्या रेडिओ मालिका शोधल्या. वर्तमानपत्रांतल्या चित्रपट्ट्यांवरून १९३०-४० च्या दशकांत तिकडे अशा साहसमालिका निघायच्या. पंधरा-पंधरा मिनिटांचे भाग, आणि प्रत्येक भाग नेमका नको तिथे थांबणार. इंग्रजी बाबांना कळतं, फक्त फार भरभर बोललं की चिडतात.

सुरुवात 'टेरी अँड द पायरेट्स'ने केली. चित्रकार मिल्टन कॅनिफच्या चित्रपट्टीवरची, चीनमध्ये घडणारी. सुरुवातीलाच मोठा तास (गाँग) घणघणतो. तो बाबांना इतका आवडला की आता जेवायला बोलावताना ताट बडवतात. जाहिरातीही ऐकतात. क्वेकर कंपनीवाले सांगतात, आमचा फुगवलेला गहू तोफेतून उडवलेला आहे. बाबा म्हणाले, "लाह्या फोडायला तोफ कशाला? कढई नाही का घरात?"

अडचण अशी की मिळालेल्या भागांत मोठमोठी भगदाडं आहेत. टेरी चाच्यांच्या म्होरकीच्या, ड्रॅगन लेडीच्या तावडीत सापडतो आणि पुढच्या फाइलमध्ये भलतंच कथानक सुरू. झोपायच्या वेळी बाबा विचारतात, "सुटला का रे तो?" एकदा मी मनानेच सुटका रचून सांगितली, तर म्हणाले, "हे तुझं आहे. कॅनिफचं नाही."

तर पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग मिळेल अशी मालिका कोणती? आणि बोलण्याचा वेग कमी केला तर आवाज घोगरा होईल का?

प्रतिसाद

'टेरी'च्या मागे लागू नका. १९३७ ते १९४८ मध्ये ती थांबत थांबत चालली, बरेच भाग हरवले. तेव्हा ध्वनिमुद्रण १६ इंची तबकड्यांवर व्हायचं, एका बाजूला पंधरा मिनिटं. दुसऱ्या महायुद्धात ॲल्युमिनियमची टंचाई झाली तेव्हा काचेवर लेप दिलेल्या तबकड्या वापरल्या. काचेचं काय होतं ते सांगायला नको.

बाबांना १९३५ ची 'फ्लॅश गॉर्डन' लावा. एप्रिलमध्ये सुरू झाली, आठवड्याला एक असे २६ भाग, आणि सगळे शाबूत आहेत. फ्लॅशचा आवाज गेल गॉर्डनचा. कथा फ्लॅशचा चित्रकार ॲलेक्स रेमंडच्या रविवारच्या पट्टीला बरीच धरून जाते, त्यामुळे बाबा तुमच्या चुका काढत बसतील. शेवटी मंडळी पृथ्वीवर परततात, मलायाच्या जंगलात आदळतात आणि तिथे जंगल जिम भेटतो. तोही रेमंडचाच, दोन्ही पट्ट्या ७ जानेवारी १९३४ ला एकत्रच सुरू झाल्या होत्या. पुढची मालिका त्याची.

वेग ०.९ ठेवा. हल्लीच्या प्लेअरमध्ये आवाजाची पट्टी बदलत नाही.

धागाकर्त्याकडून

खूप आभार. चार भाग झाले. रोज एकच ऐकायचा असा नियम मी केला होता, तो बाबांनी दुसऱ्याच दिवशी मोडला. खलनायक मिंग बोलायला लागला की स्वतःच आवाज वाढवतात. ०.९ चा उपाय जमला.

या वेगाने २६ भाग काही पुरत नाहीत. 'जंगल जिम'चे सुरुवातीचे भाग कोणी क्रमाने लावून ठेवले आहेत का?