मॅसी हॉल १९७१ : डेव्हिड ब्रिग्जचं ऐकायला हवं होतं का?

वादीसंवादी

कॅनडाचा गायक-गीतकार नील यंगने १९ जानेवारी १९७१ रोजी टोरंटोच्या मॅसी हॉलमध्ये एकट्याने दोन कार्यक्रम केले. सोबतीला अकूस्टिक गिटार आणि पियानो, बाकी कुणी नाही. पाठीच्या दुखण्यामुळे जड इलेक्ट्रिक गिटार गळ्यात घालून उभं राहणं त्याला तेव्हा झेपत नव्हतं. निर्माता डेव्हिड ब्रिग्जचा आग्रह होता की हेच ध्वनिमुद्रण अल्बम म्हणून काढायचं. यंगला मात्र 'हार्वेस्ट' या पुढच्या अल्बमच्या टेक्सनी, म्हणजे त्यासाठी ध्वनिमुद्रित केलेल्या वादनांनी, भारून टाकलं होतं. 'हार्वेस्ट' १९७२मध्ये आला आणि मॅसी हॉलच्या टेप्स थेट २००७मध्ये बाहेर पडल्या. ब्रिग्ज १९९५मध्येच गेला होता.

माझ्या मते ब्रिग्जचंच बरोबर होतं. 'अ मॅन नीड्स अ मेड' दोन्हीकडे लागोपाठ ऐका. 'हार्वेस्ट'वर लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा आहे, वाद्यवृंदरचना जॅक निट्शेची. गाणं एका बुजऱ्या, गोंधळलेल्या माणसाचं, आणि त्याच्या प्रत्येक कबुलीवर व्हायोलिनांची लाट येऊन आदळते. मॅसी हॉलमध्ये तेच गाणं पियानोवर आहे आणि त्याच ओघात 'हार्ट ऑफ गोल्ड' येतं, तेही पियानोवरच. दोन्ही एका माणसाच्या एकाच मनःस्थितीचे तुकडे आहेत हे तिथे आपोआप कळतं. 'हार्वेस्ट'ने ती जोडी फोडली.

आणि श्रोते ऐका. 'हेल्पलेस'मध्ये ऑन्टारियोचा उल्लेख येताच टाळ्या पडतात, कारण ते गाणं आणि ती जागा दोन्ही त्यांच्या ओळखीची. 'ओल्ड मॅन'च्या सुरुवातीला मात्र कुणी टाळी वाजवत नाही, कारण ते कुणी ऐकलेलंच नव्हतं. लोकप्रिय गाण्याचे पहिले दोन सूर टाळ्यांत बुडालेले नाहीत, असं लाइव्ह ध्वनिमुद्रण नंतरच्या काळात त्याला कुठून मिळणार?

खर्ज

असहमत. ऑर्केस्ट्राबद्दल तुमचं म्हणणं मान्य, पण एका गाण्यावरून अख्ख्या 'हार्वेस्ट'ला निकालात काढू नका.

'हार्ट ऑफ गोल्ड' आज ज्या रूपात उभं आहे ते रूप मॅसी हॉलनंतर तीन आठवड्यांच्या आत नॅशव्हिलमध्ये घडलं. केनी बट्रीचे ड्रम्स ऐका, एकही दिखाऊ फिल (दोन ओळींमधली ड्रम्सची करामत) नाही. टिम ड्रमंडचा बास त्या ड्रम्सना चिकटून चालतो आणि बेन कीथची पेडल स्टील (सरकत्या सुरांची आडवी गिटार) मोजके लांब सूर धरते. पियानोवरच्या तुकड्याला मुळात स्वतःची लयच नाही, तो आधीच्या गाण्याची शेपटी आहे. जोडी फोडली म्हणून तर ते स्वतंत्र गाणं झालं. १९७२मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. ते यंगचं तिथलं एकमेव अव्वल गाणं. 'ओल्ड मॅन'चंही तसंच. जेम्स टेलरचा सहा तारांचा बँजो आणि लिंडा रॉनस्टॅटचा वरचा आवाज काढून टाका, धृपद निम्मं बसतं.

त्याहून मोठा प्रश्न 'काउगर्ल इन द सँड' आणि 'डाउन बाय द रिव्हर'चा. १९६९च्या मूळ ध्वनिमुद्रणात एक दहा मिनिटांचं, दुसरं नऊ मिनिटांहून लांब. मॅसी हॉलमध्ये दोन्ही चार मिनिटांच्या आसपास उरकतात. गळालं काय? यंग आणि त्याच्या बँडचा गिटारवादक डॅनी व्हिटन यांच्या गिटारींमधली झटापट. या गाण्यांची कडवी म्हणजे नुसते खांब, छप्पर त्या सोलोंवर, म्हणजे गिटारच्या लांब तुकड्यांवर आहे. एकट्या गिटारवर खांब तेवढे दिसतात.

वादीसंवादी

'डाउन बाय द रिव्हर'बद्दल तुमचं बरोबर, ते मॅसी हॉलमध्ये हडकुळं वाटतं. 'काउगर्ल'बद्दल नाही. सोलो गेल्यावर तिची चाल पहिल्यांदा नीट ऐकू येते. १९६९च्या आवृत्तीत सोलोची वाट पाहण्याच्या नादात त्या चालीकडे लक्षच जात नाही.

फेडर

तुमच्या वादात एक गोष्ट सुटतेय. 'एक माणूस, एक गिटार' हे ध्वनिमुद्रणाला सगळ्यांत सोपं वाटतं, पण पाच जणांच्या बँडइतकंच अवघड असतं.

कारण दोन आवाजांचे उगम एकाच शरीराशी आहेत. गिटारचा माइक तारांपासून २० सेंमीवर आणि गाण्याचा माइक तारांपासूनच ७५ सेंमीवर धरा. गिटारचा आवाज गाण्याच्या माइकमध्ये ५५ सेंमीचं जादा अंतर कापून पोचतो, म्हणजे साधारण १.६ मिलिसेकंद उशिरा. दोन्ही चॅनल सारख्या पातळीवर मिसळले की दोन्हींतल्या लाटा एकमेकींना खोडतात आणि ३१० हर्ट्झच्या आसपास आवाजात खड्डा पडतो, मग ९३० आणि १५५० हर्ट्झजवळ. गिटारचं अंगच नेमकं तिथे असतं, त्यामुळे ती पोकळ, डब्यात वाजल्यासारखी येते. नंतर ट्रॅक सरकवून गिटार जुळवली की गाणाऱ्याचा आवाज बिघडतो, कारण तो उलट वाटेने गिटारच्या माइकमध्ये शिरलेला असतो. उपाय माइक लावतानाच करायचा. गाण्याच्या माइकमध्ये गिटार निदान १० डेसिबल खाली राहिली, तर चढउतार तीन डेसिबलच्या आसपास आटोक्यात राहतो. फिगर-एट माइक (पुढून-मागून ऐकणारा, बाजूंना बहिरा) असेल तर त्याची बहिरी बाजू गिटारकडे वळवावी.

श्रोत्यांच्या माइकचंही तेच. मंचापासून २० मीटरवरचा माइक ५८ मिलिसेकंद मागे असतो. तो ट्रॅक तेवढा पुढे ओढला नाही तर तारेचा प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो. पुढे ओढून पातळी कमी ठेवली की सभागृह जाणवतं आणि गिटारही शाबूत राहते.

मॅसी हॉलच्या अल्बममध्ये गिटार भरीव आहे, आवाज पुढे आहे आणि सभागृहही आहे. 'अकूस्टिक म्हणजे कच्चं' समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. हे कसबाचं काम आहे.

खर्ज

कसबाबद्दल वादच नाही. पण ध्वनी उत्तम म्हणून अल्बम जास्त महत्त्वाचा होत नाही. 'ड्रीमिन मॅन लाइव्ह ९२' घ्या, २००९मध्ये आलेला. त्यात 'हार्वेस्ट मून' अल्बमचीच गाणी यंग एकट्याने मंचावर वाजवतो. तोवर तो मुरलेला गायक आहे, हात पक्का आहे. तरी शीर्षकगीत ऐकताना स्टुडिओतला तो झाडूचा फरफराट आठवतो. खराखुरा झाडू ताल धरायला वापरलाय. ड्रमच्या ब्रशऐवजी झाडू घ्यायचं सुचणं हा गाणं रचण्याचाच भाग आहे. गीतकार फक्त शब्द आणि कॉर्ड लिहितो, बाकी सगळी सजावट, हे गृहीतकच मला पटत नाही.

पाचवा पडदा

मला वाटतं दोघंही यंगच्या उजव्या हाताला विसरताय. त्याच्या एकट्याच्या वादनात बास असतोच, तो सहाव्या, म्हणजे सगळ्यांत जाड तारेवर असतो.

पडताळायचं तर 'डोन्ट लेट इट ब्रिंग यू डाउन' घ्या. आधी पहिली आणि सहावी तार ई वरून डी वर आणायची, मग सगळ्याच तारा आणखी एक पूर्ण स्वर खाली. जाडीकडून बारकीकडे सी-जी-सी-एफ-ए-सी. सहावी तार एकूण चार अर्धस्वर उतरते आणि तिचा ताण जवळजवळ ३७ टक्के घटतो. मधल्या चार तारांचा २० टक्क्यांच्या आसपास. इथेच फसगत होते. एकूण ताण घटला की गिटारची मान सरळ होते आणि पहिल्या तीन पडद्यांवर तारा खरखरतात. ०.०१२चा संच (सगळ्यांत बारीक तारेची इंचातली जाडी) लिबलिबीत होतो, ०.०१३चा लावावा. सैल तार जोरात छेडली की सूर क्षणभर चढतो आणि मग खाली बसतो, त्यामुळे ट्यूनरवर हळू छेडून जुळवलेली तार गाण्यात चढी लागते. ज्या जोराने वाजवणार त्याच जोराने छेडून जुळवा. शिवाय सुरापेक्षा थोडी खाली नेऊन मग वर आणा, नाहीतर पहिल्याच कडव्यात उतरेल.

एवढं करून वाजवलंत की कळेल, बासवाल्याची उणीव का भासत नाही. बँडसोबत हाच खर्ज बास गिटारच्या वाटेत येतो.

वादीसंवादी

+१. 'ओहायो'तही खालची तार डी वर उतरवलेली आहे. क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश आणि यंग या चौघांनी मिळून गायलेल्या मूळ आवृत्तीचा आवेश मॅसी हॉलमध्ये नाही, पण त्या खर्जामुळे गाणं पडतही नाही.

खर्ज, एक सांगा. स्टुडिओतलं रूपच अंतिम, तर 'द नीडल अँड द डॅमेज डन'चं काय करायचं? 'हार्वेस्ट'वर आहे ते ध्वनिमुद्रणच मुळी लाइव्ह आहे. ३० जानेवारी १९७१, लॉस एंजेलिसमधलं विद्यापीठाचं रॉइस हॉल, म्हणजे मॅसी हॉलनंतर अकरा दिवसांनी. नॅशव्हिलचा बँड हाताशी असूनही यंगने या गाण्यासाठी एकट्याचाच टेक घेतला.

खर्ज

त्या गाण्यासाठी तोच योग्य होता, म्हणून. दोन मिनिटांचं गाणं, गिटारची उतरत जाणारी एकच आकृती, त्यात दुसऱ्या वाद्याला जागाच नाही. हेच तर म्हणतोय, गाण्यागणिक निर्णय घ्यावा लागतो आणि 'हार्वेस्ट'वर तो घेतला गेलाय. त्याच गाण्याचा शेवट पुन्हा ऐका. टाळ्या सुरू होतात न होतात तोच कापल्या जातात आणि लगेच 'वर्ड्‌स' दणक्यात सुरू होतं, इलेक्ट्रिक गिटार आणि पूर्ण बँडसकट. एकट्या आवाजाला बँडची धडक बसते ती तिथे. सबंध अल्बम एकट्याचा असता तर ही धडक कुठून आणली असती?