मों ब्लांची उलटी प्रदक्षिणा: सिंहगडाची तयारी पुरेल का?

धायरीकर५६
नमस्कार मंडळी. माझं वय ५६, सौ.चं ५३. दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड, वर कांदाभजी आणि मडक्यातलं दही, दहाच्या आत परत खाली. कात्रज ते सिंहगड रात्रीचा दोनदा झालाय, राजगड-तोरणा एकदा. मुलगा म्यूनिकला असतो. त्याने डोक्यात भरवलंय की पुढच्या वर्षी ‘तूर द्यू मों ब्लां’ करा, म्हणजे आल्प्समधल्या मों ब्लां डोंगराभोवती पायी फेरी. फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड मिळून सुमारे १७० किलोमीटर, अकरा दिवस, रोज वेगळ्या हटमध्ये (डोंगरातल्या ट्रेकर्सच्या निवाऱ्यात) मुक्काम. एका एजन्सीने माणशी जो आकडा सांगितला तो ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला. स्वतःचं स्वतः जमतं का? आम्ही शाकाहारी, मला अंडं चालतं, हिला नाही. आणि एका खोलीत वीस अनोळखी माणसं झोपतात म्हणे, ते हिच्या पचनी पडत नाहीये.

गणिताच्या_बाई
जमतं. दोन वर्षांपूर्वी एकसष्टाव्या वर्षी मी आणि माझी नणंद एजन्सीशिवाय जाऊन आलो. जरा लांबण लावणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी हिशोब. एकूण चढ साधारण दहा हजार मीटर. आतकरवाडीतून गड सुमारे सहाशे. म्हणजे अकरा दिवसांत सोळा-सतरा सिंहगड, रोजचे दीड. ऐकायला फार नाही. पण रविवारी गड करून आपण घरी येतो, आंघोळ, वरणभात, ताणून झोप. सोमवारी पाय दुखले तर लिफ्ट आहे. तिथे सोमवारी परत दीड सिंहगड, मंगळवारीही. आणि जेवढं चढलात तेवढं उतरायचंय. दम आम्हाला कुठेच कमी पडला नाही, बोलले ते गुडघे. शेवटच्या दिवशी ब्रेव्हां शिखरावरून ले झूश गावापर्यंत सलग दीड हजार मीटर उतार आहे. नणंद तिथे काही वेळ तोंड डोंगराकडे करून उलटी उतरत होती. तेव्हा आतापासून शनिवार-रविवार जोडून गड करा आणि लक्ष उतरण्यावर ठेवा. दोन काठ्या घ्या. मी ‘काठी म्हाताऱ्यांना’ म्हणणाऱ्यांतली होते, दुसऱ्या दिवशी नणंदेची एक मागून घेतली.

बहुतेक लोक ही वाट घड्याळाच्या उलट दिशेने करतात, म्हणजे डोंगर कायम डाव्या हाताला. नणंदेला ते शेवटपर्यंत खटकलं. देवाला डावी घालून कोणी प्रदक्षिणा घालतं का, असं ती एका फ्रेंच जोडप्याला खुणांनी समजावत होती.

आता बूट. हे नीट वाचा. कोल द ला सेन्य ही २५१६ मीटरवरची खिंड, अलीकडे फ्रान्स, पलीकडे इटली. फोटो झाले, उतरायला लागले आणि उजव्या बुटाने ‘आ’ केला. सोल पुढून सुटला आणि पावलागणिक फटफट. बूट सात वर्षांपूर्वीचे, पण वापर फार तर पंचवीस दिवस. एरवी कागदात गुंडाळून माळ्यावर. जपले म्हणूनच गेले! सोलमधला पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या दमटपणाने आतल्या आत विरतो आणि पुण्याच्या पावसाळ्यात माळ्यावर दमटपणाला काय तोटा. नणंदेने पिशवीतून सलवारीची जादा नाडी काढली, आठाच्या आकड्यात बुटाभोवती आवळली आणि तशी मी एलिझाबेत्ता हटपर्यंत आले. तिथल्या मुलाने हसू दाबत वरून तारेचे दोन वेढे दिले. दुसऱ्या दिवशी कूर्मायर गावात नवे बूट घेतले. किंमत ह्यांनाही अजून सांगितलेली नाही. नवे बूट म्हणजे फोड आलेच, बोनात्ती हटमध्ये मी मोज्यांवर लंगडत जेवायला गेले.

झोपण्याचं सौ.ना सांगा, अवघड वाटावं असं काही नव्हतं. सगळे इतके दमलेले असतात की कोण कोणाकडे बघतंय. दारातच बूट काढायचे, देवळासारखं. आत ओळीने गाद्या, ब्लँकेट त्यांचं. आत शिरून झोपायला चादरीची पिशवी मात्र आपली लागते. मी जुन्या सुती साडीची शिवली, मूठभर वजन. कानात घालायला बोळे न्या, घोरणं सगळ्या देशांत सारखंच. काही हटमध्ये छोट्या खोल्याही असतात, पैसे जास्त.

जेवण सातच्या सुमाराला, सगळ्यांना एकदम, लांब टेबलावर पंगत. सूप, मुख्य पदार्थ, गोड. शाकाहारी हे बुकिंग करतानाच लिहायचं आणि अंडं नको हे वेगळं लिहायचं, नाहीतर ताटात ऑम्लेट येतं. चीज मात्र रोज. सहाव्या संध्याकाळी नणंदेने मेतकुटाची पुडी काढून सूपमध्ये कालवली, समोरच्या आजोबांनी दोनदा मागून घेतलं. चटण्या, मेतकूट खुशाल न्या. पेढे, खवा, तूप नको, दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपियन युनियनमध्ये न्यायला बंदी आहे.

खरी कटकट बुकिंगची. हट साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत उघडे असतात आणि सोयीच्या जागा आदल्या हिवाळ्यातच भरायला लागतात. व्हिसाचा अर्ज मात्र प्रवासाच्या सहा महिने आधीपासूनच घेतात. म्हणजे गादी आधी, व्हिसा मागून. रद्द केलं तर किती परत मिळतील हे मी प्रत्येक हटचं वाचून वहीत मांडलं होतं. अर्ज कुठल्या देशाकडे, हे कुठे जास्त रात्री मुक्काम आहे ते मोजून ठरवा. मुलाकडे महिनाभर राहणार असाल तर जर्मनीकडे.

कात्रजचा_वारा
बाईंनी सगळं सांगितलंच आहे, थोडी भर. मी जूनअखेरीस गेलो होतो, कोल दे फूर या खिंडीत (२६६५ मीटर) पिंढरीपर्यंत बर्फ होतं. आपल्याला सवय नाही, जुलैच्या मध्यानंतर जा. बॅग पुढच्या गावी गाडीने पोचवण्याची सोय आहे, पण क्रोआ द्यू बोनोमसारख्या हटपर्यंत रस्ताच नाही, त्या रात्रीचं सामान पाठीवरच. गुडघे रुसले तर ला फूलीहून शाम्पेला बसने जाता येतं, तो टप्पा तसाही फार काही खास नाही (मारायला धावू नका). शेवटून दुसऱ्या दिवशी कड्यावर लोखंडी शिड्या आहेत, भीती वाटत असेल तर वळसा घालून जाणारी वाट आहे. व्हिसाला ३०,००० युरोंचा विमा लागतोच, पण पॉलिसीत ट्रेकिंगची उंची आणि हेलिकॉप्टरने सुटका या ओळी शोधा. माझ्या पहिल्या पॉलिसीत दोन्ही नव्हत्या.

धायरीकर५६
बाई, वाऱ्या, मनापासून आभार. हिला साडीच्या पिशवीची कल्पना इतकी आवडली की कपाट उघडून बसली आहे. एक शंका: माझे बूट २०१६ चे, पण हरिश्चंद्रगडानंतर फारसे घातलेलेच नाहीत, अगदी नव्यासारखे दिसतात. चालतील ना?

गणिताच्या_बाई
कुठे ठेवलेत?

धायरीकर५६
माळ्यावर. आत्ताच स्टूल घेऊन काढले. टाचेजवळ अंगठ्याने जरा दाबलं तर खाली भुगा पडला. हिने न बोलता केरसुणी हातात दिली आहे.