निर्वासितांना धान्य द्यावं की रोख रक्कम?

मिलिंद, कर्वेनगर
जॉर्डनमध्ये सीरियन निर्वासितांना रोख मदत देणाऱ्या संस्थेत नोकरी करतो, सध्या सुट्टीवर पुण्यात आहे. परवा सोसायटीतले एक काका म्हणाले, "पैसे कसले वाटता? गव्हाचं पोतं द्या, पोट तरी भरेल." म्हणून हा धागा.
माझं मत: बाजार चालू असेल तर रोखच द्यावी. तिथले बहुतेक सीरियन छावणीत नाहीत, अम्मान-इर्बिदसारख्या शहरांत भाड्याने राहतात. घरमालक भाड्यापोटी गहू घेत नाही. मग गहू पडत्या भावात विकला जातो आणि मधला व्यापारी गब्बर होतो.

पेठकर
आणि रोख दिली की घरमालक गब्बर होतो! हिंजवडीत पगार वाढले तशी वाकड-बाणेरची भाडी कुठे गेली, पाहिलंत ना? शिवाय नवरा ते पैसे दारूत उडवणार नाही कशावरून? गहू पिता येत नाही.

स्मिताताई
पेठकर, भाडी वाढली ती खोल्या तेवढ्याच आणि माणसं लाखांनी आली म्हणून. 2004च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत आपण पाठवलेले जुने कपडे रस्त्याकडेला ढिगांनी पडून होते. पाठवणाऱ्याला पुण्य, घेणाऱ्याला कचरा.

मिलिंद, कर्वेनगर
दारूचं म्हणाल तर जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी 2014 मध्ये अनेक देशांतले अभ्यास पडताळले. रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं दिसलं नाही. हा प्रश्न गरिबांनाच विचारतात, बोनस घेणाऱ्यांना कोणी विचारत नाही.

रेणुका
दारू सोडा. तिकडे एटीएमवर बुबुळ स्कॅन करून पैसे मिळतात ना? आपल्याकडे रेशन दुकानात म्हातारीचा अंगठा उठत नाही म्हणून ती परत जाते, तसं तिथे मोतीबिंदूवाल्याचं काय? आणि युद्धातून पळालेल्या माणसाला "डोळा देत नाही" म्हणायची सोय आहे का? ही माहिती उद्या कोणाच्या हातात जाईल?

मिलिंद, कर्वेनगर
स्कॅन होत नसेल तर दुसरी व्यवस्था असते, पण त्यासाठी आधी फोन लागावा लागतो. तक्रारींच्या लाइनवर बसलं की कळतं, निम्मे फोन एकच विचारतात: "शेजाऱ्याला मेसेज आला, मला का नाही?" मदत कोणाला द्यायची, त्या याद्या हेच खरं काम आहे, पैसे पाठवणं त्यापुढे सोपं. माहितीच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे पटणारं उत्तर नाही.

पेठकर
आता मुद्द्यावर आलात. ऑगस्ट 2023 मध्ये निधी आटला आणि संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने जॉर्डनच्या झातारी, अझ्रक छावण्यांतली दरमहा माणशी 23 दिनारांची मदत 15 वर आणली. रोखीत कपात सोपी, आकडा बदलला की झालं. आणि गाझात तर खात्यातले पैसे नोटांत मिळवायलाच लोकांना जबर कमिशन मोजावं लागलं. तिथे पोतंच हवं.

स्मिताताई
गाझाचं मान्य. पण निधी आटला की धान्यही कापतातच, फक्त किलोत. जॉर्डनमध्ये भाडं कशाने भरायचं, ते अजून सांगितलं नाहीत.