डॉलरवाल्या मुली, कर्जबाजारी ड्यूक आणि कादंबरीतली रडणारी नायिका

धागालेखिका :
अमेरिकन नवकोट नारायणांच्या मुली आणि इंग्लंडचे उमराव यांच्या लग्नांवरील ऐतिहासिक कादंबऱ्यांबद्दल एका सदस्याने नुकतेच लिहिले की, त्या मुलींनी पदव्या राजीखुशीने विकत घेतल्या आणि आईच्या धाकाने रडत बोहल्यावर चढणारी नायिका ही खपासाठी रचलेली आहे. हे वाचून मला राग आला, आणि त्याचे उत्तर सविस्तरच द्यावे लागेल.

6 नोव्हेंबर 1895 रोजी न्यूयॉर्कच्या सेंट थॉमस चर्चमध्ये अमेरिकेतल्या रेल्वेसम्राटांच्या घराण्यातल्या अठरा वर्षांच्या कॉन्सुएलो व्हँडरबिल्टचे लग्न मार्लबरोच्या नवव्या ड्यूकशी लागले. तिचे मन विन्थ्रॉप रदरफर्डवर जडले होते. आई अल्व्हा हिने दोघांची पत्रे अडवली, मुलीला न्यूपोर्टच्या प्रासादात नजरकैदेत ठेवले, रदरफर्डला गोळी घालण्याची भाषा केली आणि शेवटी स्वतःच्या आजारपणाचा धाक घातला. ड्यूकच्या नावे बीच क्रीक रेल्वेचे 25 लाख डॉलरचे समभाग बांधले गेले. त्यांवर 4 टक्के लाभांशाची हमी होती आणि ते उत्पन्न त्याला तहहयात मिळणार होते.

ड्यूकची निकडही समजून घ्यावी. 1870 नंतर अमेरिकेचा गहू रेल्वे आणि आगबोटींनी इंग्लंडच्या बाजारात येऊ लागला, भाव पडले आणि जमिनीच्या खंडावर जगणारी घराणी खचली. ब्लेनहाइम या ड्यूकच्या वडिलोपार्जित प्रासादातली रत्ने, ग्रंथसंग्रह आणि चित्रे या ड्यूकच्या आजोबांच्या आणि वडिलांच्या काळातच विकली गेली होती. ज्या रेल्वेच्या धंद्याने इंग्लंडमधला खंड बुडवला, त्याच धंद्यातल्या पैशाने ब्लेनहाइमची डागडुजी झाली. एवढ्या मोठ्या व्यवहारात अठरा वर्षांच्या मुलीची राजीखुशी शोधणाऱ्यांनी तो करारनामा आधी वाचावा.

सनदशीर :
ते मूळ विधान माझेच आहे, म्हणून उत्तर देतो. पत्रे अडवणे, कोंडून ठेवणे, गोळी घालण्याची धमकी ही सगळी माहिती 1926 मध्ये रोमच्या कॅथलिक धर्मपीठापुढे हे लग्न अवैध ठरवण्यासाठी चाललेल्या प्रकरणातून आणि कॉन्सुएलोच्या 1953 च्या आत्मकथनातून आलेली आहे. पतिपत्नी 1906 मध्ये वेगळी झाली, 1921 मध्ये घटस्फोट झाला आणि त्याच वर्षी दोघांनीही दुसरी लग्ने केली. कॅथलिक पंथ घटस्फोट मानत नाही, म्हणून पहिले लग्न मुळातच अवैध ठरवून घ्यायचे, तर जबरदस्ती सिद्ध करणे भाग होते. तिच्या दुसऱ्या नवऱ्याचे, बाल्सानचे, घराणे कॅथलिक होते आणि ड्यूकही त्याच पंथात जाण्याच्या वाटेवर होता. दोन्ही पक्षांना हवी असलेली साक्ष निर्विवाद सत्य म्हणून स्वीकारायला मी तयार नाही.

शिवाय एका मुलीवरून सगळ्यांचा न्याय कसा करता येईल? शिकागोच्या व्यापाऱ्याची मुलगी मेरी लीटर हिने कर्झनशी गुप्तपणे वाङ्निश्चय केला, दोन वर्षे वाट पाहिली आणि 1895 मध्येच स्वखुशीने त्याच्याशी लग्न केले. पुढे व्हाइसरॉयची पत्नी म्हणून ती आपल्याकडे आली. तिच्यावर कोणाचा धाक होता?

अक्षरओढ :
साक्ष, पुरावा आणि हितसंबंध यांची भाषा वाचून मन विटले. माझ्या मोठ्या आत्याचे लग्न एका जुन्या वतनदार घराण्यात झाले. त्यांचा वाडा गहाण होता आणि माझ्या आजोबांची अडत जोरात चालली होती. तिला कोणी कोंडले नाही, धमकावले नाही. कितीतरी वर्षांनी मी विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “मला कोणी विचारलेच नव्हते.” याचा कागदोपत्री पुरावा सनदशीर यांनी कुठे शोधला असता? दडपणाची नोंद दडपण आणणारे ठेवत नाहीत. मेरी लीटरचे नशीब चांगले होते, म्हणून बाकीच्यांच्या दुःखाला खोटे म्हणण्याचा अधिकार कोणाला मिळत नाही.

जुना वाचक :
मला वेगळाच मुद्दा कित्येक वर्षे सलतो आहे. या कादंबऱ्यांत अल्व्हाला कैदाशिणीसारखी रंगवतात आणि बाप अलगद सुटतो. विल्यम व्हँडरबिल्टनेच तो पैसा दिला आणि त्यानेच मुलीला हात धरून वेदीपर्यंत नेले. याउलट, घटस्फोटित बाईला उच्चभ्रू समाज दारात उभे करत नव्हता, त्या काळात अल्व्हाने मुलीच्या लग्नाच्याच वर्षी नवऱ्याला घटस्फोट दिला. पुढे तिने स्त्रियांच्या मताधिकारासाठी पैसा ओतला आणि नॅशनल विमेन्स पार्टीचे अध्यक्षपद सांभाळले. स्त्रीला सत्ता फक्त पदवीतून मिळते, हे तिने आयुष्यभर पाहिले होते आणि मुलीला ती सत्ता मिळवून देण्याचा तिने प्रयत्न केला.

धागालेखिका :
हे समर्थन मला सहन होत नाही. मताधिकारासाठी लढलेल्या बाईने स्वतःच्या मुलीचे मत विचारले नाही, याची भरपाई नंतरच्या देणग्यांनी होत नाही. सनदशीर यांनाही सांगते, की 1926 मध्ये त्र्याहत्तर वर्षांच्या अल्व्हाने आपणच मुलीला भाग पाडल्याची साक्ष स्वतःविरुद्ध दिली. त्यात तिचा कोणता लाभ होता? बापाबद्दलचा आक्षेप मात्र मान्य करते, कारण तो खरोखरच दुर्लक्षित राहिला आहे. त्यापुढे एक पाऊलही मी येणार नाही.

जुना वाचक :
एवढे मान्य केलेत, आभारी आहे. पण मुलीच्या सुखासाठी भर म्हातारपणी स्वतःची बेअब्रू पत्करणारी आई कैदाशीण कशी ठरते, हे तुम्ही सांगितले नाहीत. तिचा लाभ शोधायचाच असेल, तर तो मुलीच्या मनःशांतीत शोधावा.

अक्षरओढ :
एकतीस वर्षांनी मिळालेल्या मनःशांतीचे कौतुक आईच्या बाजूने बोलणाऱ्यांनी करावे. लग्नानंतर नवऱ्याच्या आजीने त्या मुलीला बजावले होते की मुलगा होणे हेच तुझे पहिले कर्तव्य आहे, नाहीतर तो विन्स्टन (ड्यूकचा चुलतभाऊ, पुढे पंतप्रधान झालेला चर्चिल) ड्यूक होऊन बसेल. ही मनःशांती तिथून सुरू झाली होती.

सनदशीर :
रडणारी नायिका लेखकांनी रचली, हे माझे विधान मी मागे घेतो. कॉन्सुएलोने स्वतःच ते लिहिले आहे आणि ती रडली यावर माझा विश्वास आहे. परंतु कादंबरीकारांनी तिला तेवढ्यावरच सोडू नये, हा आग्रह मी सोडणार नाही. रदरफर्डने 1902 मध्ये दुसरीशी लग्न केले आणि कॉन्सुएलोने लंडनमध्ये गरीब स्त्रियांसाठी काम उभे केले. ती ड्यूकपासून वेगळी झाली तरी बीच क्रीकच्या समभागांचे उत्पन्न ठरल्याप्रमाणे त्यालाच मिळत राहिले. कोणी त्या करारनाम्यापासून सुरू होणारी आणि त्यावर सही करणाऱ्या पुरुषांना नावानिशी उभे करणारी कादंबरी लिहिली, तर ती मी पहिल्या दिवशी विकत घेईन.